पूल या काठीने (क्यूने) बॉल टेबलाच्या पॉकेटमध्ये, म्हणजे भोकात घालायच्या खेळात सुधारणा करायची तर आधी कशावर मेहनत घ्यावी?

आधी सरळ स्ट्रोक (काठीचा फटका), मग पांढऱ्या बॉलवर, म्हणजे काठीने मारायच्या बॉलवर ताबा. साइड स्पिन (बॉलला डाव्या-उजव्या बाजूला मारून दिलेली फिरकी) सगळ्यात शेवटी. बहुतेक जण नेमकं उलट करतात आणि तिथेच अडकतात.

सरावाला स्टॉप शॉट घ्या. रंगीत बॉल पॉकेटच्या सरळ रेषेत ठेवा, पांढरा दोन फुटांवर. मध्याच्या किंचित खाली मारा. टक्कर होताच पांढरा जागीच थांबायला हवा. बाजूला सरकला तर टक्कर सरळ झाली नाही. जागेवर गरगर फिरला तर टिप (काठीचं टोक) उभ्या मध्यरेषेवर न लागता डावी-उजवीकडे लागली. जमलं की अंतर वाढवत न्या.

तिरक्या शॉटला असाच न गडगडता घसरत आलेला पांढरा रंगीत बॉलच्या वाटेशी जवळपास 90 अंशांत निघतो, म्हणून पुढच्या शॉटसाठी पांढरा कुठे थांबेल ती पोझिशन मारण्याआधीच ठरवता येते. जोरदार ब्रेकची (बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटची) घाई अजिबात नको.