नेरूळमधल्या आमच्या सोसायटीत भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला की आवारात पाणी साचतं. गटार रुंद करण्याशिवाय काय उपाय?

गटार रुंद करून फारसं साधणार नाही. शहरातलं पावसाचं पाणी खाडीत जाण्याआधी धारण तलावांत (ते साठवायच्या तळ्यांत) येतं; त्यांच्या झडपा भरतीला बंद होतात, ओहोटीपर्यंत पाणी तलावातच थांबतं. तलाव गाळाने भरलेला असेल तर ते मागे गटारात चढतं. म्हणून गच्चीचं पाणी काही तास स्वतःकडेच अडवा.

१ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ५०० चौ.मी. गच्चीवर तासाभरात ५० मिमी पडला तर २५,००० लिटर! गच्चीच्या पाइपाखाली, जमिनीवरच, २०,००० लिटरची १ मीटर खोल टाकी बांधा आणि तळाशी फक्त २५ मिमीचं भोक ठेवा. भरलेली टाकी साधारण ८ तासांत रिकामी होते. भोक ५० मिमीचं केलंत तर भरलेली टाकी साधारण दोन तासांतच रिकामी होईल, म्हणजे पाणी ओहोटीपर्यंत थांबणार नाही. भोकाआधी स्टीलची जाळी लावा, नाहीतर पाला अडकतो. वर १५० मिमीचा ओव्हरफ्लो हवाच. टाकी जमिनीखाली नको: भोक गटाराच्या पातळीखाली गेलं की गटाराचं पाणी उलटं आत येतं.

शोषखड्ड्याचा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याचा, आग्रह इथे धरू नका. भरावाच्या जमिनीत पावसाळ्यात भूजल इतकं वर असतं की खड्डा आधीच भरलेला असतो. ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी तो चालू शकतो, पण आधी खड्डा खणून, पाणी भरून ते तासाला किती उतरतं ते बघा.

पार्किंगला पेव्हर घालणार असाल तर सांध्यांत बारीक कच भरा, सिमेंट नाही, आणि खाली काँक्रीटऐवजी खडीचा थर, म्हणजे पाणी सांध्यांतून खडीत उतरेल. कंत्राटदार नेमकं इथेच उलटं करतात.