जिऑलॉजी करून अमेरिकेत सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीवर पीएचडी, जाऊ का नको?

भावा, तू विचारलायस की सोलापुरातनं जिऑलॉजीत एमएस्सी झालीय, सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीवर काम करायचंय आणि घरचे 40 लाखाचं लोन काढून अमेरिकेत एमएसला पाठवायला तयार आहेत, तर जाऊ का नको. जा की, पण लोन काढून नको. ह्या लाइनीत तेवढे हप्ते फेडण्याइतका पगार लवकर हातात पडत नाय. थेट पीएचडीला अर्ज कर, बहुतेक ठिकाणी फी माफ असते वर टीए (शिकवायला मदत) नायतर आरए (संशोधनाला मदत) म्हणून स्टायपेंड, एकट्याचं भागतंय, बायको पोरं नेली तर ओढाताण.

आता नोकरीचं, कारण तुझ्या वडलांचा खरा प्रश्न तोच असणार. अमेरिकेत सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम करणारे लई जण जिऑलॉजीत नसतातच, मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवतात. इंडोह्यस ह्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खुरवाल्या प्राण्यावर ज्यांनी काम केलं ते थेविसन नावाचे शास्त्रज्ञ ओहायोतल्या मेडिकल युनिव्हर्सिटीतलेच. डॉक्टरकीच्या पोरांना डिसेक्शन शिकवायचं, उरलेल्या वेळात आपली हाडं. त्यामुळं नुसते दगड येऊन भागत नाय, शरीररचना यायला पाहिजे, आणि त्याला अमेरिका कशाला, खाटकाकडनं शेळीची मुंडी आण, उकळून साफ कर (आईचं पातेलं नको घेऊ), वरच्या दाढा भिंगातनं बघ, चंद्रकोरीसारख्या कडा दिसतील. मग कवटी उलटी करून कानाजवळचा हाडाचा फुगवटा बघ. इंडोह्यसचे दगड रंगा राव नावाच्या आपल्याच भूवैज्ञानिकानं जम्मू-काश्मीरात कालाकोटला गोळा केलेले, त्यातल्या कवटीत ह्याच फुगवट्याची आतली भिंत देवमाशासारखी जाड निघाली, आणि 2007 ला त्यावर पेपर आला की देवमाशाचे जवळचे नातेवाईक हे असले छोटे खुरवाले प्राणी. एवढं डोळ्यानं बघून गेलास तर इंटरव्ह्यूत बोलायला काहीतरी असतंय.

आणि आपल्याकडं काय नाय असं समजू नको. हुसेनसागर एक्सप्रेसनं हैद्राबादला जाताना विकाराबाद लागतं ना, त्याच भागात नसकल गाव आहे. सोलापूरखाली जो काळा फत्तर आहे त्याच दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमधल्या मातीत तिथं डेक्कनोलेस्टिस ह्या बारक्या सस्तन प्राण्याचे दात सापडले, जेमतेम मिलिमीटरभर, पोतीच्या पोती माती धुऊन चाळून. 1988 ला प्रसाद आणि साहनी ह्या शास्त्रज्ञांनी छापलं, क्रेटेशियस म्हणजे डायनोसॉरांच्या काळातला भारतात सापडलेला पहिला सस्तन प्राणी. ज्याच्या हाताखाली पीएचडी करायचीय त्या प्रोफेसरला मेल टाकताना असलं काहीतरी लिही, त्यांचा एक पेपर नीट वाचून खराखुरा प्रश्न विचार, "मला लहानपणापासून आवड आहे" वाल्या मेलला कुणी उत्तर देत नाय.

फील्डवर्कला वायोमिंगमधे बिगहॉर्न बेसिनला वगैरे जावं लागलं तर उन्हाचं काय सोलापूरकराला टेन्शन नाय, पण गाडी चालवता आली पाहिजे, लायसन इथनंच काढून घे, सराव कर. तिकडं मुंग्यांची वारुळं पण चाळतात, कारण मुंग्या बारीक दात खड्यांसोबत उचलून वर आणून ठेवतात, फुकटचे मजूर. सरकारी जमिनीवरनं सस्तन प्राण्याचं एक हाडसुद्धा परमिटशिवाय उचलायचं नाय, 2009 पासनं तसा कायदाच आहे.

बाकी आर (R) ही आकडेमोडीची संगणकी भाषा शिकून ठेव, सीटी स्कॅनचा डेटा हाताळायचा सराव कर. ट्रान्सक्रिप्टचे (युनिव्हर्सिटीच्या अधिकृत गुणपत्रकांचे) सीलबंद सेट जास्तीचे काढून ठेव, नंतर तिकडनं फोन करून मागवताना जीव जातो. व्हिसाचे नियम सारखे बदलतायत, ते ऑफिशियल साइटवरच बघ, माझ्यावर पण विसंबू नको.

डेडलाइन बहुतेक डिसेंबरात असतात, म्हणजे मेल ऑगस्ट-सप्टेंबरातच गेले पाहिजेत, जानेवारीतली गड्डा यात्रा उरकून अर्ज करतो म्हणलास तर वर्ष गेलं.