अनुदानाच्या अर्जात नेमके काय मागावे?

प्रश्न : आमच्या अग्निशमन केंद्रासाठी सुरक्षा प्रशिक्षण आणि आरोग्य तपासणीचे अनुदान मागायचे आहे. प्रस्ताव कसा मांडावा?

उत्तर : आधी धोका लिहा, मग खर्च. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये अग्निशमनाचे काम कर्करोगकारक म्हणून गट 1 मध्ये, म्हणजे माणसांत कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गटात, टाकले. हा आधार भक्कम आहे, तो पहिल्याच परिच्छेदात द्या.

तपासणीत फुप्फुसांची क्षमता, रक्तदाब, ईसीजी, श्रवण, रक्त आणि लघवी हवीच. पण जवान रुजू होतानाच पहिली नोंद घ्या. एखाद्याची फुप्फुसक्षमता वय-उंचीनुसार अपेक्षित मूल्याच्या 115 टक्के असते, काही वर्षांनी ती 90 वर येते. अहवालावर शेरा मात्र ‘सामान्य’! जुना आकडा नसेल तर ही घसरण कुणालाच दिसत नाही. तपासणीत दोष आढळल्यास पुढच्या चाचण्यांचे पैसेही याच प्रस्तावात धरा, आणि अहवाल गोपनीय राहील हे स्पष्ट लिहा. नोकरी जाईल या भीतीने जवान त्रास लपवतात.

प्रशिक्षणात लोक हमखास विसरतात तो खर्च म्हणजे बदली मनुष्यबळाचा. पाळीवरचे जवान वर्गात बसले तर गाडीवर कोण जाणार? श्वसनयंत्राचे सिलिंडर भरणे आणि दरवर्षी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर मास्क नीट बसतो का याची चाचणी, हेही धरा. दाढीचे खुंटसुद्धा मास्कची कड चेहऱ्याला टेकू देत नाहीत, धूर आत शिरतो.

शक्य असेल तर माणशी दुसरा अग्निरोधक पोशाख मागा. एकच असेल तर काजळीने माखलेला पोशाख न धुताच पुन्हा अंगावर चढतो.