हिणकस डांबर आणि हिणकस शेरा

कोथरूडच्या एका वाचकांनी रस्त्यासाठी ‘हिणकस डांबर’ वापरल्याचं वाचलं आणि त्याच दिवशी कुणीतरी ‘हिणकस शेरा’ मारल्याचंही. दोन्हीकडे एकच शब्द कसा, आणि हिणकस म्हणजे निकृष्टच ना, असं त्यांनी विचारलंय.

जवळपास तेच, पण अगदी तेच नाही. हा शब्द सराफी पेढीवरचा. सोन्यात मिसळलेला तांब्यासारखा हलका धातू म्हणजे हीण; आणि सोनं घासून कळते ती शुद्धता म्हणजे कस. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर जुन्या पद्धतीनं पारख करणारा सराफ कसोटीच्या काळ्या दगडावर दागिना ओढतो, शेजारी खात्रीच्या सोन्याची रेघ काढतो आणि दोन्हींवर तेजाब लावतो. हीण फार असेल तर रेघ फिकी पडते, कधी पार पुसून जाते. कसाला न उतरलेलं ते हिणकस.

मात्र हीण असलं म्हणून सोनं हिणकस ठरत नाही. ९१६ चा शिक्का असलेल्या, म्हणजे २२ कॅरेटच्या १० ग्रॅम दागिन्यात ०.८४ ग्रॅम हीण असतंच. त्याशिवाय बांगडी टिकायची नाही. पण २२ सांगून १८ कॅरेटचं गळ्यात मारलं, तर ते हिणकस. अस्सल म्हणून घेतलेलं कमअस्सल निघाल्याची तक्रार या शब्दात आहे, ‘निकृष्ट’मध्ये ती नाही. त्यामुळे भेसळीचं डांबर हिणकस, पण उखडलेला रस्ता निकृष्ट. जमीन आणि आहार निकस, कारण तिथे सत्त्वच उरलेलं नसतं. (हल्ली ‘पात्रतेचे निकस’ असंही छापलेलं दिसतं. तिथे ‘निकष’ हवा. तो मूळचा कसोटीचा दगडच.)

आता शेरा. तिथे ‘हिणवणारा’च हवं, असं काही जण म्हणतात. मला पटत नाही. ‘हिणवणे’ची छाया पडली असेल, दोन्ही शब्द ‘हीन’च्याच कुळातले. पण शेरा हिणवणारा म्हटला की लक्ष ज्याचा अपमान झाला त्याच्याकडे जातं. हिणकस म्हटला की बोलणाऱ्याची पातळी दिसते. एखाद्या बाईच्या रंगरूपावर कुणी शेरा मारला, तर हीण त्या शेऱ्यात असतं, तिच्यात नव्हे. म्हणून तिथे ‘हिणकस’ बेलाशक लिहा. फक्त ‘हिणकस दर्जाचा’ टाळा. दर्जा त्या शब्दातच आला.