ओव्हरमन म्हणून क्वीन्सलँडला येताना

भाऊ,

तुम्ही बल्लारपूरकडच्या भूमिगत खदानीत ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचे देखरेख अधिकारी, आहात, सेकंड क्लासचं सर्टिफिकेट हातात आहे, आणि एका एजंटाने ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या कोळसा खदानीसाठी विचारलंय. सर्टिफिकेट इथे क्वीन्सलँडमध्ये चालेल का, नियम आपल्यापेक्षा किती वेगळे आणि घरच्यांनी विचारलेलं, की तिथे जीव सुरक्षित राहील का, एवढं तुम्हाला हवंय. पगाराचं विचारलं नाही. ते एजंटाने आधीच पाठ करून घेतलं असणार.

सर्टिफिकेटचं उत्तर लहान आहे: थेट चालत नाही. डीजीएमएसचं (आपल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाचं) सरदारचं असो, ओव्हरमनचं असो की मॅनेजरचं, त्याच्या जोरावर इथे वैधानिक (कायद्याने जबाबदारी ठरवलेलं) पद मिळत नाही. इथली प्रमाणपत्रं बोर्ड ऑफ एक्झामिनर्स देतं. तुमचा अनुभव ते विचारात घेतात, पण इथल्या कायद्याची परीक्षा आणि तोंडी परीक्षा चुकत नाही. पदवीधर मायनिंग इंजिनिअरची व्हिसासाठीची तपासणी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया करते, पण तो कागद म्हणजे खदानीत पद सांभाळायची परवानगी नव्हे. एजंट लोक या दोन्ही गोष्टी एकत्र कालवून सांगतात. ‘सर्टिफिकेट कन्व्हर्ट करून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच नमस्कार करा. बहुतेक जण आधी ऑपरेटर किंवा इंजिनिअर म्हणून येतात, इथल्या खदानीत दिवस काढतात आणि मग डेप्युटीच्या परीक्षेला बसतात. चंद्रपूरला ज्याला लोक साहेब म्हणत होते त्याला इथे पुन्हा कुणाच्या तरी हाताखाली उभं राहावं लागतं. याची तयारी घरूनच करून या.

डेप्युटी म्हणजे आपला सरदार आणि ओव्हरमन एकाच माणसात. कायद्यातलं नाव लांबलचक आहे, एक्सप्लोजन रिस्क झोन कंट्रोलर, पण बोलताना सगळे डेप्युटीच म्हणतात. या नावात झोन शब्द का आहे ते नीट समजून घ्या. आपल्याकडे सीममध्ये, म्हणजे कोळशाच्या थरात, गॅस किती त्यावर तिची डिग्री ठरते, पहिली, दुसरी, तिसरी. इथे जागेचा झोन ठरतो. हवेत मिथेन अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर साधा झोन, अर्धा ते २ टक्क्यांपर्यंत दुसरा, त्याच्या वर तिसरा. कुठलं यंत्र, कुठली केबल, कुठलं वाहन कुठवर जाईल हे त्यावर ठरतं. मिथेन २.५ टक्क्यांवर गेला की ती जागा धोक्याची धरायची आणि माणसं बाहेर काढायची.

वर्धा खोऱ्यातल्या बहुतेक खाणी पहिल्या डिग्रीच्या. वर्षानुवर्षं काम करून मीटरवर शून्यापुढे काही न पाहिलेली माणसं तिथे आहेत, मीही त्यातलाच. इथे बोवेन बेसिनमध्ये, क्वीन्सलँडच्या कोळशाच्या पट्ट्यात, कोळसा कापायच्या आधीच सीममध्ये लांब लांब बोअर मारून गॅस ओढून घेतात, तो ठरलेल्या पातळीखाली आला नाही तर पॅनेल (खदानीतला काम चालू असलेला भाग) पुढे सरकतच नाही. दिवसाचं वेळापत्रक गॅस ठरवतो. आणि गॅस टेस्टिंगच्या परीक्षेसाठी ज्या फ्लेम सेफ्टी लॅम्पवर, गॅस असला की ज्योतीवर दिसणारी निळसर टोपी बघायला आपण शिकलो, तो दिवा इथे खाली नेता येत नाही. १९८६ साली इथल्याच मौरा नंबर ४ खदानीत स्फोट होऊन १२ माणसं गेली. ठिणगी बहुधा त्या दिव्यातूनच आली, असा चौकशीचा निष्कर्ष होता. त्यानंतर तो दिवा क्वीन्सलँडच्या भूमिगत खदानींतून गेला.

आता नियमांविषयी. आपली १९५७ ची आणि नंतरची २०१७ ची कोल माइन्स रेग्युलेशन्स वाचताना सवय लागते ती आकड्यांची. परतीच्या हवेत ०.७५, कुठेही १.२५, अमुक अंतरावर तमुक. आकडा पाळला की आपलं झालं. इथे आकडे आहेतच, पण १९९९ चा कोल मायनिंग सेफ्टी अँड हेल्थ अ‍ॅक्ट खदानीलाच सांगतो की तुमच्या जागेचा धोका तुम्ही ओळखा, तो वाजवी प्रयत्नांनी जितका कमी होईल तितका करा, आणि कसा करणार ते लिहून ठेवा. गॅस, हवा, छत, आपोआप तापणारा कोळसा, वाहतूक, आणीबाणी, अशा प्रत्येक मोठ्या धोक्याची वेगळी योजना असते. तिच्यातला रोजच्या वापराचा भाग म्हणजे टार्प. अमुक पातळीवर आकडा गेला की कुणी काय करायचं हे आधीच लिहिलेलं असतं. पातळी चढली की कागदावर तुमच्या पदापुढे जे लिहिलंय ते करायचं. रात्री २ वाजता मॅनेजरला फोन लावून ‘साहेब, काय करू’ विचारायला जागा ठेवलेली नाही. फोन करायचा तो केलेलं कळवायला.

हे असं का झालं ते कळायला मौरा नंबर २ चा चौकशी अहवाल वाचा. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल, पण हा वाचाच. ती बोर्ड अँड पिलर (कोळशाचे खांब ठेवून खोदायची) खदान होती, आपल्या ओळखीची पद्धत. ५१२ नावाच्या पॅनेलमध्ये काढणी चालू असताना कोळसा आतून तापायला लागला. कार्बन मोनॉक्साइड चढत होता, कुणाला डांबरासारखा वास आला, कुणाला हवेत धूसरपणा दिसला. कुणी रिपोर्टात लिहिलं, कुणी तोंडी सांगितलं, पण हे सगळं एका टेबलावर कधी आलं नाही. ७ ऑगस्ट १९९४ च्या रविवारी पहाटे पॅनेल सील केलं. सील केलेल्या जागेत मिथेन वाढत जातो आणि ५ ते १५ टक्क्यांच्या मध्ये कधीतरी तो स्फोटाच्या टप्प्यातून जातोच, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरीही त्या रात्री शिफ्ट खाली गेली. २१ माणसांतली १० बाहेर आली, ११ आली नाहीत. दोन दिवसांनी दुसरा स्फोट झाला, खदान बंद करावी लागली आणि त्या ११ जणांचे देह आजही आत आहेत. त्याच परिसरात १९७५ साली कियांगात १३ गेले होते, १९८६ चे १२ वर सांगितलेच. तिसऱ्या वेळी मात्र कायदाच नव्याने लिहिला गेला.

कमरेला लावायचा ऑक्सिजनचा सेल्फ रेस्क्यूअर (धुरातून बाहेर पडताना श्वास घ्यायचं यंत्र), व्हेंटिलेशन ऑफिसर हे वेगळं पद, टार्प, जमिनीवरून चोवीस तास चालणारं गॅसचं मोजमाप, यातलं बरंचसं मौराच्या शिफारशींतून आलंय. दरवर्षी एका खदानीत मोठी आणीबाणीची तालीमही होते. बाहेरचे निरीक्षक येतात आणि खोटा प्रसंग उभा करून खऱ्यासारखी धावपळ करायला लावतात. धुरात दिसतं तसं अंधुक दिसेल असा चष्मा घालून दोरीला धरून बाहेर चालायचा सराव तुम्हालाही करावा लागेल. दोरीवर शंकू ओवलेले असतात. हात बाहेरच्या दिशेने सरकतो, उलट गेलात तर अडतो.

तुमची जमेची बाजूही याच गोष्टीत आहे. विदर्भातला कोळसा आपोआप पेटतो. गोफ (कोळसा काढून मागे राहिलेली जागा) तापल्याचा वास, सीलवर धरलेला घाम, चार भिंती बांधून आग कोंडणं हे तुम्ही अनुभवलंय. इथल्या कित्येक तरुण डेप्युटींनी ते फक्त वर्गात ऐकलंय. मुलाखतीत लाँगवॉल (लांबलचक भिंतभर कोळसा यंत्राने कापायची पद्धत) येत नाही म्हणून ओशाळू नका. हीटिंगबद्दल, म्हणजे कोळसा आपोआप तापण्याबद्दल, बोला, आणि नीट बोला: कोणती खूण आधी दिसली, काय मोजलं, कधी माणसं काढली.

आता ‘सुरक्षित आहे का’ या प्रश्नाचं खरं उत्तर. मोरानबाजवळच्या ग्रॉसव्हेनर खदानीत ६ मे २०२० रोजी लाँगवॉलवर स्फोट होऊन पाच माणसं गंभीर भाजली. त्याच खदानीत जून २०२४ मध्ये आग लागली, तेव्हा सगळे सुखरूप बाहेर आले. २००० ते २०१९ या काळात क्वीन्सलँडच्या सगळ्या खाणी आणि दगडखाणी मिळून ४७ माणसं गेली. सरकारने त्या मृत्यूंचा अभ्यास करून घेतला तर बहुतेकांमागे काही जगावेगळं नव्हतं. अपुरं प्रशिक्षण, ढिली देखरेख, असलेलाच उपाय न वापरणं. जुलै २०२० पासून निष्काळजीपणाने कामगार दगावला तर वरिष्ठ अधिकाऱ्याला २० वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा घरच्यांना सांगा की धोका आहे, पण तो लपवणं इथे महाग पडतं.

आणि आता ज्यावर एजंट बोलणार नाही ते. जिवाला तत्काळ धोका वाटला तर काम सोडून सुरक्षित जागी जायचा हक्क इथे प्रत्येक कामगाराला कायद्याने आहे. आपल्याकडे वर्कमेन इन्स्पेक्टर असतो तसा इथे कामगारांनी निवडून दिलेला सेफ्टी प्रतिनिधी असतो आणि तो काम थांबवू शकतो. मी थांबवलेलं काम पाहिलंय, त्याच संध्याकाळी मॅनेजर त्या प्रतिनिधीशी क्रिकेटवर बोलत होता. पण ग्रॉसव्हेनरनंतर नेमलेल्या चौकशी मंडळापुढे दुसरी बाजूही आली. लेबर हायर, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या, कंपनीमार्फत आलेली माणसं तक्रार करायला बिचकतात, कारण कंपनीने ‘उद्या येऊ नको’ म्हटलं की नोकरी गेली, अशी समजूत कामगारांमध्ये असल्याचं मंडळाने नोंदवलं. तुमच्या बाबतीत त्यात व्हिसाची भर पडते. ४८२ नंबरचा व्हिसा मालकाला बांधलेला असतो. नोकरी सुटली तर नवा प्रायोजक शोधायला एका वेळी १८० दिवस मिळतात. पूर्वीपेक्षा बरं आहे, तरी पोरांची शाळा आणि घरभाडं डोक्यावर असताना १८० दिवस फार नसतात. म्हणून एजंटाला पहिला प्रश्न हाच विचारा: माझा मालक खदान चालवणारी कंपनी की मधला ठेकेदार? मधला ठेकेदार असेल तर येऊच नका असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या दिवसापासून प्रत्येक गोष्ट लेखी द्यायची सवय लावून घ्या. आपल्याकडे ‘सांगितलं होतं ना’ चालून जातं. इथे रिपोर्टात नसेल तर तुम्ही सांगितलंच नाही.

काही बारीकसारीक. रुजू होण्याआधी कोल बोर्डाची वैद्यकीय तपासणी होते, मग निदान दर पाच वर्षांनी. छातीचा एक्स-रे आणि फुंकून बघायची चाचणी त्यात असते. क्वीन्सलँडमधून गेला असं समजलेला ब्लॅक लंग (कोळशाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) २०१५ मध्ये पुन्हा सापडला, तेव्हापासून एक्स-रे फार कसोशीने वाचतात. तुमचे पीएमईचे (खदानीतल्या ठरावीक वैद्यकीय तपासणीचे) सगळे जुने एक्स-रे आणि अहवाल बरोबर आणा. छातीवर काही डाग निघालाच तर तो जुना की नवा हे ठरवायला उपयोग होतो. श्वासात जाणाऱ्या कोळशाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला १.५ मिलिग्रॅम आहे, सिलिकाची ०.०५. लाँगवॉलवर मास्क घट्ट बसावा म्हणून बऱ्याच ठिकाणी दाढी चकाचक लागते. मिशीचं बघा तुम्ही.

गेटवर दारूची फुंकर-चाचणी होते आणि अनेक ठिकाणी मर्यादा शून्य आहे. ड्रग टेस्टही अचानक होते, तेव्हा गावाहून येताना कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणू नका, आणि होळीला गावी गेलात तर थंडाईपासून लांब राहा. खाली जाताना मोबाइल, बॅटरीचं घड्याळ, लायटर, काडेपेटी काही चालत नाही. सापडलं तर नोकरी जाते, समज देऊन सोडत नाहीत. कोल्ड्रिंकचा अ‍ॅल्युमिनियमचा डबासुद्धा वरच ठेवायचा. खर्रा इथे मिळत नाही. सुटतो, त्रास होतो थोडा.

बारा तासांच्या शिफ्ट असतात, बहुतेक सात दिवस काम आणि सात दिवस सुटी. कुटुंब मोरानबात ठेवता येतं, पण आपली बरीच मंडळी मॅके किंवा ब्रिस्बेनला राहतात. मॅके सुमारे १९० किलोमीटर आहे. शेवटची नाइट शिफ्ट संपवून तसंच गाडीत बसायचं नाही, एवढा एक नियम कंपनीने नाही केला तरी स्वतःला घालून घ्या. कांगारू पहाटेच रस्त्यावर येतात.

निघायच्या आधी अनुभवाची पत्रं नीट करून घ्या. नुसतं ‘ओव्हरमन म्हणून काम केले’ उपयोगाचं नाही. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं वैधानिक पद, कोणती पद्धत, सीमची डिग्री, हाताखाली किती माणसं, हे मॅनेजरच्या सहीने हवं. इथून ते मागवायला गेलात की साहेबांची बदली झालेली असते. १९९९ चा कायदा आणि २०१७ चं रेग्युलेशन इंटरनेटवर फुकट आहे. आधी डेप्युटीच्या जबाबदाऱ्यांचा भाग वाचा, बाकी नंतर. आणि रेडिओवर इंग्रजी कळेल इतपत कान तयार करा. इथली माणसं अर्धा शब्द तोंडातच ठेवतात.

एजंटाकडून कराराचा मसुदा मागवा. द्यायला टाळाटाळ केली तर तेही एक उत्तरच समजा. आला तर सही करण्याआधी मला पाठवा, मालक कोण आणि नोटीस किती दिवसांची ते मी बघून सांगतो.