जिन्याला मशीन लावण्याआधी थांबा

पोळा झाला की जिने नि चौकटी रंगवण्याबद्दल वाचकांचे प्रश्न यायला लागतात. गावं वेगळी, घोळ तोच. म्हणून या खेपेला एकत्रच घेतो.

भिंतीची पुट्टी उरली आहे. दाराच्या चौकटीच्या भेगांत भरली तर चालेल का? (जालना)

नाही. ती सिमेंटची. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि ती तडकून पडते. लाकडाला लांबीच (लाकडाच्या भेगा भरायचा लगदा) भरा.

घरात जिना एकच. रंगवताना वर-खाली कसं करायचं? (हिंगोली)

एकाआड एक पायरी रंगवा. ती नीट वाळली की उरलेल्या. कोरड्या पायऱ्यांवर खडूनं फुली मारून ठेवा, रात्री उठणाऱ्याला कळेल.

आमचा औसा तालुक्यातला वाडा आजोबांच्या काळचा. सागवानी जिन्यावर हिरव्या ऑइल पेंटचे चार-पाच थर आहेत, आता पोपडे निघायलेत. दिवाळीला नातवंडं येणार. पेंटर म्हणतो, मशीननं घासून दोन दिवसांत लाकूड उघडं करून देतो. करून घ्यावं का?

मशीन लावू देऊ नका. पत्तीनं कोरडं खरवडणंही नको, आणि ब्लो-लॅम्पनं जाळणं तर अजिबात नको.

जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसं असायचं. पिवळ्या, नारंगी, हिरव्या रंगांत तर फार. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. तुमचे थर त्याच्या कितीतरी आधीचे. ‘जुना रंग काय टिकायचा!’ असं लोक कौतुकानं सांगतात. टिकायचा, आणि त्याचं एक कारण शिसंच.

मशीन लावलं की त्याची पिठासारखी धूळ होते. ती सतरंजीत, धान्याच्या पोत्यावर, पाण्याच्या माठावर बसते. रांगणारं मूल हात जमिनीला लावतं आणि तोंडात घालतं. शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, आणि सुरक्षित म्हणता येईल असं त्याचं कुठलंही प्रमाण माहीत नाही. डोळ्याला दिसत नाही, वास येत नाही, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मला मात्र या एका गोष्टीनं झोप लागत नाही.

मग करायचं काय? जो थर घट्ट बसलाय तो काढूच नका. वॉटर पेपरनं (पाणी लावून वापरायचा घासकागद) ओलं घासून त्याची चमक घालवा, प्रायमर द्या, वरून नवा रंग. फक्त सुटलेले पोपडे ओले करून काढा आणि वॉटर पेपरनं पाणी लावत घासा. खाली जाड प्लास्टिक अंथरा, धुळीचा चांगला मास्क बांधा; तोंडाला रुमाल पुरत नाही. झाडू नको, ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. दार चौकटीला घासतं ती कडही बघा; तिथून रोज थोडी धूळ पडत असते. निघालेला रंग पिशवीत बांधा. रंगवलेलं जुनं लाकूड बंबात घालायची आपली सवय आहे, ती सोडा. काम चालू असताना मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नकोत. शक्य असेल तर सगळे थर असलेला एक तुकडा आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या. एखादं मूल त्या जिन्यावर कायम खेळत असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून रक्तातलं शिसं तपासा. यात चालढकल नको.

चौकटीवर मातीच्या रेघा आहेत. वरून ऑइल पेंट दिला की वाळवी मरते म्हणतात. (बीड)

कोण म्हणतं? वाळवी आतून खाते, रंगानं फक्त झाकली जाते. स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. आत शिरला तर आधी सुतार आणि वाळवीवाला, पेंटर शेवटी. पायरी पोकळ वाजत असेल तर आजपासून त्या जिन्यावर चढू नका.

पेंटर इनॅमलमध्ये रॉकेल घालतो. विशिष्ट कंपनीचाच डबा आणा असंही सांगतो. (परभणी)

रॉकेल बंद करा; त्यानं रंग नीट वाळत नाही, चमक मरते. डब्यावर जे टर्पेंटाइन नि जेवढं लिहिलंय तेवढंच. आणि बऱ्याच डब्यांत पेंटरसाठी टोकन असतं, त्याचे त्याला पैसे मिळतात, हे ठाऊक असू द्या. डबा तुम्ही निवडा. पायरीच्या पाय पडणाऱ्या भागाला चकचकीत इनॅमल सुचवला तर नाही म्हणा. ओल्या पायानं म्हातारं माणूस घसरतं.

शुक्रवारी वास्तुशांत आहे. आज मंगळवार. जिना रंगवून होईल का? (नांदेड)

नाही. पुसून घ्या, झेंडूची माळ बांधा. रंग नंतर.

रंग नको, जिन्याला घाण्याचं जवसाचं तेल पाजलं तर? (उदगीर)

लाकूड उघडं असेल तर चांगलं. पण घाण्याचं कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात, तोवर चिकट जिन्यावर सगळी धूळ बसते. लाकडासाठी मिळणारं उकळलेलं तेल घ्या, पातळ हात द्या, अर्ध्या तासात जादा पुसून काढा. सागवानावर आधी कोपऱ्यात लावून जाणत्या पॉलिशवाल्याला दाखवा. पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेतो. चिंध्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर अंगणात एकेक सुटी पसरा.