स्पॅम वाटलेला मेल परत का पाठवत नाहीत?

प्रश्न: माझ्या मुलीला इंटरव्ह्यूचा मेल आला होता, तो स्पॅममध्ये जाऊन पडला, आम्हाला पत्ताच नाही, तारीख उलटून गेल्यावर सापडला. कंपनीवाले म्हणतात आमच्याकडे तर काही परत आलं नाही. मग स्पॅम वाटला तर सरळ परत पाठवून द्यावा ना?
- एक वाचक, सांगली

उत्तर: राग बरोबर आहे तुमचा. पण परत पाठवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पोस्टमन 'घेण्यास नकार, सबब परत' असा शेरा मारून पाकीट दारातूनच नेतो ना, तसं मेलमध्येपण होतं, समोरचा सर्व्हर मेल द्यायला आला की आपला सर्व्हर तिथल्या तिथे ५५० कोड देऊन नाही म्हणतो, मग पाठवणारा खरा असेल तर त्याला कळतं आणि तो फोन तरी करतो. ही चांगली तऱ्हा. पण मेल एकदा आत घेतला आणि मग परत पाठवायला गेलात की घोटाळा, कारण स्पॅमवाला स्वतःचा पत्ता कशाला घालेल, भलत्याच कुणाचा तरी टाकतो आणि परतीचा सगळा ढीग त्या बिचाऱ्याच्या इनबॉक्समध्ये.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे गुपचूप गिळून टाकणं. काही ऑफिसांत सर्व्हर असाच सेट केलेला असतो. पाठवणाऱ्याला वाटतं पोचला, घेणाऱ्याला कळतच नाही की काही आलं होतं. व्हायरसवाली अटॅचमेंट असेल तर एकवेळ ठीक, पण नुसत्या संशयावरून? मला तरी हे पटत नाही.

संशय आहे पण खात्री नाही, अशांसाठीच स्पॅम फोल्डर. स्पॅम ओळखणारा फिल्टर शेवटी अंदाजच बांधतो. २००२ साली पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरनी शब्द मोजून स्पॅम ओळखायची रीत मांडली, त्यात चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी मुद्दाम दुप्पट धरली होती, का तर कामाचा मेल चुकून अडकू नये. दोनचार लॉटऱ्या इनबॉक्समध्ये आल्या तर आल्या!

जीमेल स्पॅममधले मेल ३० दिवसांनी उडवतं, म्हणून कुठे अर्ज केला असेल तर रोज एकदा तिथे डोकवा. मेल सापडला की आधी 'नॉट स्पॅम' दाबा, मग कॉम्प्युटरवर त्या पत्त्याचा फिल्टर, म्हणजे आपला नियम, करून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर टिक करा. आणि मेल पीओपीने (मेल डाउनलोड करायची एक पद्धत) दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उतरवून घेत असाल तर तिकडे स्पॅम फोल्डर येतच नाही, ब्राउझरमध्येच जाऊन बघावं लागतं.